वाळूसरड्यांची दुसरी रेघ

एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षा सुरू होतात. वाघोलीचं हे कॉलेज नवं आहे. एका बाजूला कापणी झालेलं ज्वारीचं रान, दुसऱ्या बाजूला निम्म्या उभ्या राहिलेल्या सोसायट्या, आणि मधून नगर रस्त्याची अखंड घरघर. सकाळी नऊलाच ऊन पॅसेजमध्ये शिरतं. मुलं पांढरे कोट घालून भिंतीला टेकून उभी असतात. कोटांना इस्त्रीचा वास असतो, प्रयोगशाळेला फॉर्मॅलिनचा, आणि भीतीचाही एक वास असतो. तो दर वर्षी अगदी तोच. आमचे क्लार्क दारात उभे राहून नंबर पुकारतात.

काल त्यांनी पुकारलं, “एकोणसाठ.”

कुणी हललं नाही.

“एकोणसाठ! आलेत की घरूनच परीक्षा देणार आहेत?”

रांगेतली एक मुलगी अगदी स्थिर उभी होती. चेहऱ्यावर काही नाही. फक्त डोळे शेजारणीच्या हॉलतिकिटाकडे, मग पुढच्या मुलाच्या. शेवटी कुणीतरी तिला कोपरानं ढोसलं आणि “फिफ्टी नाइन, तूच” असं पुटपुटलं, तेव्हा ती पुढे झाली. क्लार्क म्हणाले, “वा! स्वतःचा नंबर पाठ नाही, बेडकाची हाडं मात्र पाठ असतील.” सगळे हसले. तीही हसली.

मी हसले नाही, पण काही बोललेही नाही. तो स्थिर चेहरा माझ्या ओळखीचा आहे. काही वर्षांपूर्वी, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, अकरा दिवस तो माझाच होता. कच्छच्या किनाऱ्यावर, वाळूत मांडी घालून, मांडीवर वही घेऊन मी तो चेहरा करून बसले होते आणि माझ्या शेजारी एक माणूस मोठ्यानं आकडे सांगत होता.

इंग्रजी शाळेतून आलेल्या आम्हा मुलांचं मराठी तसं वाईट नसतं. घरी बोलतो ते मराठीच, भांडतो तेही मराठीतच. पण आकडे आले की आम्ही चाचपडतो. वीसपर्यंत ठीक असतं. पुढे अंदाज असतो, अंधारात जिना उतरताना असतो तसा. बहुतेक पायऱ्या पायाला सापडतात. ‘त्रेपन्न’मध्ये पन्नास ऐकू येतं, ‘बासष्ट’मध्ये साठ. धीट मुलं सरळ “म्हणजे सिक्स्टी टू ना?” असं विचारून मोकळी होतात. मी विचारत नसे. विचारायचं म्हणजे समोरचा क्षणभर आपल्याकडे बघणार, आणि पुण्यात तो त्या क्षणात काहीतरी बोलणारच. शिवाय माझे बाबा शनिवार पेठेतल्या मराठी शाळेत गणित शिकवायचे. आसपासच्या गल्ल्यांमधली निम्मी माणसं त्यांच्यापुढे उभी राहून पाढे म्हणून गेली होती. त्यांचीच मुलगी टाय लावून कॅम्पातल्या शाळेत जायची, आणि तिला एकोणपन्नास म्हणजे किती ते येत नव्हतं. येत नाही, हेही तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं, येतं.

कारण ऐकायला ते किती सरळ लागतं. एकतीस, बत्तीस, तेहेतीस, करत करत अडतीस, आणि मग एकोणतीस. ‘तीस’ त्यात आहेच की. म्हणजे थर्टी नाइन.

त्या वर्षी आमच्या वर्गात बावीस जण होतो आणि दिवाळीनंतर लक्षात आलं की त्यातले निम्मे संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जातात. शहरभर त्या क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. वडापावच्या गाडीमागे, शिवणाच्या दुकानावर, जिथे जिना दिसेल तिथे. कंपन्या म्हणे कुठल्याही शाखेची मुलं घेत होत्या. कुणीतरी वर्गात म्हणालं, “बाई, प्राणिशास्त्रवालेसुद्धा चालतात. फक्त डोकं चालायला हवं.” आमच्या आपटे बाई फळा पुसता पुसता म्हणाल्या, “मग तुम्हाला काळजी आहे खरी.”

मीसुद्धा ती परीक्षा दिली होती आणि पास झाले होते. जुलैत हजर व्हायचं पत्र घरी टेबलाच्या काचेखाली होतं. आला-गेला ते वाचून जायचा. पण मला सरडे हवे होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाईंना मात्र ते न सांगता कळलं असावं. एक दिवस जर्नल परत देताना त्या म्हणाल्या, “दक्षिणेतल्या एका संस्थेत पीएच.डी.ला एक जागा आहे. मी तुझं नाव कळवू शकते. पण रिकाम्या हातानं कळवता येत नाही. या प्रबंधात काहीतरी सापडायला हवं.” आणि मग दारापर्यंत गेलेल्या मला थांबवून, “सापडायला हवं म्हणजे असलं पाहिजे. नाहीतर शोधून काढशील कुठूनही.”

तेव्हा ते मला साधं वाक्य वाटलं होतं.

कच्छच्या नकाशात दिसतं की वाळवंट इथे संपतं आणि समुद्र इथे सुरू होतो. प्रत्यक्षात ते दोघं एकमेकांत किती आतपर्यंत घुसलेले आहेत ते उभं राहून कळत नाही. भरती जिथवर येते तिथे वाळलेल्या शेवाळाची एक काळी, कुजकट वासाची कड असते. तिच्यावर माश्या, तिच्याखाली टुणटुण उडणारे बारीक किडे. त्या कडेपासून आत वाळूच्या लाटा, त्यांच्यावर खारट पानांची खुरटी झुडपं, आणि त्यांच्या पलीकडे मीठ फुटलेली सपाट जमीन, जिच्याकडे दहाच्या पुढे बघवत नाही. फेब्रुवारी होता तरी. वारा समुद्राकडून यायचा, तरी तोंडात वाळवंटाची वाळू असायची.

या मधल्या पट्ट्यात वाळूसरडे राहतात. वीतभर लांब, त्यात निम्म्याहून अधिक शेपटी. पाठीवर वाळूचेच रंग. बोटांना बारीक झालर असते, पळताना पाय रुतू नयेत म्हणून. सकाळी वाळू कोमट झाली की झुडपांच्या मुळांशी एकेक डोकं वर येतं. तापलेल्या वाळूवर उभं राहायचं झालं तर एक पाय उचलतात, मग दुसरा. भरतीच्या कडेला जाऊन माश्या टिपतात. अकराच्या सुमारास सगळा पट्टा एकदम ओस पडतो. सगळे वाळूत बुडी मारून बसलेले असतात. त्या दोन-अडीच तासांत आम्हाला पकडायचे, मोजायचे आणि सोडायचे होते.

पकडायचं काम शेंडेकाकांचं. ते आमच्या विभागात प्रयोगशाळेत मदतनीस होते, चंद्रपूरकडचे. पुण्यात येऊन चौदा वर्षं झाली होती आणि चौदाही वर्षं रोजंदारीवर. काठीच्या टोकाला नायलॉनच्या दोऱ्याचा फास लावून ते सरड्याच्या मागे बसत, आणि तो फास त्याच्या मानेपर्यंत इतक्या हळू नेत की सरडा त्याकडे गवताची काडी म्हणून बघायचा. मग एका हातात सरडा उताणा धरून दुसऱ्या हातातल्या कॅलिपरनं नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची, आणि भिंगातून माइट मोजायचे.

माइट म्हणजे परजीवी. पुढच्या पायाच्या बगलेत, मानेच्या घडीत, जिथे त्वचा मऊ असते आणि नखं पोचत नाहीत, तिथे तिखटाचे कण चिकटावेत तसे लाल ठिपके. ते तिथे बसून रक्त पितात. सरडा त्यानं मरत नाही. तो पळतो, खातो, भांडतो, फक्त सगळं जरा ओझ्यासह करतो. परजीवी ज्याच्या अंगावर राहतो त्याला शास्त्रात यजमान म्हणतात. बाई रोज सकाळी पिशवीचं तोंड उघडताना विचारायच्या, “काय म्हणतायत यजमान?”

“यजमानाच्या अंगावर अकरा गोचड्या हायेत, बाई.”

“गोचीड नव्हे हो शेंडे, माइट.”

“रक्त पेते न जी? मंग गोचीडच.”

बाई स्वतःही मोजायच्या. त्यांचा एक गुडघा दुखरा होता, त्यामुळे त्या घडीच्या स्टुलावर बसून मोजायच्या आणि त्यांना जन्मभराची सवय असल्यामुळे आकडे इंग्रजीत सांगायच्या. “फॉर्टी नाइन. माइट्स, एट.” दुसऱ्या बाजूनं काका, “एकोणपन्नास. गोचड्या आठ.” मी दोघांच्या मध्ये. मी पहिल्याला ४९ लिहायचे आणि दुसऱ्याला ५९. वहीत एकामागून एक ओळी भरत होत्या. कोणी मोजलं, याचा रकाना नव्हता. असावा असं आम्हा तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशीची एक गोष्ट मला अजून त्रास देते. काकांनी एक पिल्लू पकडलं. इतकं लहान, की ते त्यांच्या अंगठ्यावर मावलं. “एकोणतीस. गोचड्या दोन,” काका म्हणाले. मी ३९ लिहिलं आणि वर पाहिलं. पिल्लाचा गळा धडधडत होता. ते मला ३९ वाटलं नाही. माझी पेन्सिल आकड्यावरच थांबली होती. विचारायला पूर्ण वेळ होता. काका त्याला लगेच सोडत नव्हते, त्याच्याकडे कौतुकानं बघत होते. “किती बारकं लेकरू हाये, पाहा ताई.” मी म्हटलं, “हो.” वहीच्या पानावरची वाळू फुंकली. काकांनी हात खाली नेला आणि पिल्लू गेलं.

एकशे बारा सरडे मोजले. त्यातले बारा, परवानगी होती तेवढे, बरण्यांत घालून पुण्याला आणले, कारण बाईंना त्यांच्या आतड्यांतले जंतही बघायचे होते. बाकीचे शंभर तिथेच राहिले.

मार्चमध्ये मी आलेख काढला. तेव्हा विभागात एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर ऑफिसचा कबजा होता, म्हणून आलेखाच्या कागदावर, हातानं. आडव्या बाजूला सरड्याची लांबी, उभ्या बाजूला माइट. सरडा जेवढा मोठा तेवढे माइट जास्त, हे अपेक्षितच होतं. ठिपक्यांची एक नीट तिरकी रेघ तयार झाली. पण तिच्या उजवीकडे, थोडं अंतर ठेवून, आठ ठिपके वेगळे पडले होते. आणि त्या आठांचीही एक रेघ होत होती. पहिलीला समांतर.

आपटे बाई खूश झाल्या की त्यांचा आवाज खाली जातो. त्या कागदावर वाकून जवळजवळ कुजबुजल्या, “अगं, ही दुसरी रेघ आहे.” अंगानं मोठे, पण माइट कमी. म्हणजे या आठ जणांना काहीतरी वाचवत होतं. बाईंच्या मते ते मीठ. हे सरडे भरतीच्या कडेला ओल्या शेवाळात चरत असणार, खाऱ्या पाण्यानं माइट गळत असणार. समुद्र आणि परजीवी यांचा असा संबंध त्यांनी कुठे वाचला नव्हता. त्यांनी परिषदेसाठी निबंध लिहायला घेतला, संस्थेला पत्र पाठवलं. पंधरा दिवसांत उत्तर आलं: प्रबंध पूर्ण झाला की मुलीला पाठवा. मी घरी गेले आणि काचेखालचं कंपनीचं पत्र वाचलं. पहिल्यांदाच ते मला दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं.

त्या महिन्यात मी फार आनंदात होते आणि मला झोप येत नव्हती. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असं तेव्हा वाटलं नाही.

एप्रिलच्या एका शनिवारी दुपारी मी प्रयोगशाळेत एकटी होते. पंखा फिरत होता, पण हवा हलत नव्हती. सरड्यांच्या आतड्यांतले जंत मोजत होते; पांढरे, दोऱ्यासारखे, घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले. एक सरडा ट्रेमध्ये काढला, वहीत त्याची ओळ शोधली. तो त्या आठांतला होता. लांबी ५९. सहज, हौसेनं म्हणावं तसं, त्या खास सरड्याला मी कॅलिपर लावला.

अठ्ठेचाळीस आणि थोडं वर.

फॉर्मॅलिनमध्ये अंग आकसतं, हे मला माहीत होतं. पण अर्धा, फार तर एक मिलिमीटर. मी पुन्हा मोजलं. मग बरण्या चाळून त्या आठांतला दुसरा सरडा शोधला. वहीत ३९. कॅलिपरवर अठ्ठावीस पूर्णांक काहीतरी.

मी वही उघडी ठेवून खुर्चीवर बसले. आठही ओळींवर बोट ठेवून आकडे वाचले. एकोणचाळीस, एकोणसाठ असं नव्हे. मी ते थर्टी नाइन, फिफ्टी नाइन, सिक्स्टी नाइन असेच वाचले. आठही नऊवर संपत होते. एकही अपवाद नव्हता.

कसबा पेठेतून घरी चालत आले. तांबटांचे ठोके सुरू होते. एरवी तो आवाज मला आवडतो. त्या दिवशी प्रत्येक ठोका कुणीतरी मोजतंय असं वाटलं. बाबा पेपर तपासत होते. मी चपला काढल्या, पाणी प्यायले, आणि पाठमोऱ्या बाबांना विचारलं, “बाबा, एकोणपन्नास म्हणजे किती?”

त्यांनी चष्मा काढला. “चेष्टा करतेस का?”

“नाही.”

“पन्नासाला एक उणा. एक-उणा, एकोण. त्या शब्दातच सांगितलंय की सगळं.” मग थोडं थांबून, “तुमच्या शाळेत टायची गाठ शिकवली, ते बरं केलं. का गं, कुठे अडलं?”

“कुठे नाही.”

ते लाल पेन घेऊन पुन्हा पेपरांकडे वळले. पण बराच वेळ त्यांच्यापुढे एकच पेपर होता.

रविवारभर मी बाईंना काय सांगायचं ते जुळवत होते, आणि जुळलेलं मोडत होते. गप्प बसणंही असंच कुठेतरी घडीत बसत असावं, नखं पोचत नाहीत तिथे. सोमवारी सांगू, असं ठरवलं. सोमवारी गेले तेव्हा बाईंच्या टेबलावर त्या दोन बरण्या होत्या.

निबंधात त्या आठांतल्यांचं छायाचित्र घालायचं म्हणून बाईंनीच सकाळी सरडे काढले होते, आणि त्यांनीही कॅलिपर लावला होता. शेंडेकाका टेबलापुढे उभे होते. त्याच टेबलावर एक करड्या रंगाची फाइल होती. ती कशाची आहे हे सगळ्या विभागाला माहीत होतं. त्या वर्षी काकांना कायम करायचं घाटत होतं आणि कामाचा अभिप्राय बाईंनी लिहायचा होता.

“शेंडे, हे दोन्ही तुम्ही मोजलेत?”

“हो जी. हा तुटक्या नखाचा, हा मीच पकडला होता.”

“वहीत दहा-दहा मिलिमीटर जास्त आहेत. आकसलेलं सोडलं तर दोन्हीत बरोब्बर दहा. कॅलिपरवरचं एक घर चुकलं की असंच होतं.”

“मी बरोबर मोजलं होतं, बाई.”

“मग सरडे पुण्याला येऊन आखडले म्हणायचे. हवा मानवली नसेल.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. तक्रार म्हणून नव्हे. मी तिथे होते, मला आठवत असेल, एवढंच त्या बघण्यात होतं. मी माझा चेहरा स्थिर केला. पंखा एक वळसा घेताना कट्ट करायचा. मी ते कट्ट ऐकत राहिले, तीन वेळा, चार वेळा. संस्था, समुद्र, काचेखालचं पत्र, सगळं त्या खोलीत होतं. मी बोलले नाही तरी चाललं असतं. चुकीवर शेंडे हे नाव पडलं असतं, आणि माझी कुणी फार तर कीव केली असती.

काका म्हणाले, “चुकलं असंल, बाई. उन्हात नीट दिसलं नसंल.”

बाईंनी फाइल जवळ ओढली. उघडली नाही, फक्त जवळ ओढली.

“काकांचं नाही चुकलं,” मी म्हटलं. आवाज कुणा दुसऱ्याचा असावा इतका मोठा निघाला. “मला एकोणपन्नास येत नाही.”

“काय येत नाही?”

“एकोणतीस, एकोणचाळीस, ते सगळे. काका एकोणपन्नास म्हणायचे, मी फिफ्टी नाइन लिहायचे.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ, की मला वाटलं त्या हसणार. “तू *गणिताच्या मास्तरांची* मुलगी ना?” एवढंच त्या म्हणाल्या. मी मान हलवली. मग त्यांनी वही ओढून नऊवर संपणाऱ्या ओळी एकेक पाहिल्या, आणि आलेखाचा कागद घडी घालून, अगदी व्यवस्थित कडा जुळवून, खणात ठेवला. “रकाना ठेवायला हवा होता,” त्या म्हणाल्या. “कोण मोजतंय याचा. तीस वर्षं मुलांना सांगत आलेय. तो माझा दोष.”

काकांनी मात्र वेगळंच धरलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता, कायम होण्याचा प्रश्न मिटत असतानाही. “अकरा दिवस माह्या बाजूला बसून होत्या, ताई,” ते म्हणाले. “काहून नाही विचारलं? मी काय तुमाले हासलो असतो?”

ते हसले नसते. मला माहीत होतं.

बाईंनी फाइल उघडून तिथेच अभिप्राय लिहिला. सही करून थांबल्या. “आज किती तारीख गं? मराठीत सांग.”

“अठ्ठावीस.”

“वाचलीस,” बाई म्हणाल्या.

दुरुस्तीचं काम उरलं. नऊवर संपणाऱ्या, विसाच्या पुढच्या एकूण चौदा ओळी होत्या. त्यातल्या काकांनी मोजलेल्या कोणत्या आणि बाईंच्या कोणत्या, हे आठवून ठरवायचं होतं. आलेख बघायचा नाही, अशी बाईंची सक्त ताकीद. “रेघेवरून आकडे दुरुस्त करायचे आणि त्याच आकड्यांवरून रेघ काढायची, ही चोरी आहे. मला स्वतःला सरडे आठवत नाहीत, फक्त गुडघा आठवतो. तुम्ही दोघं बसा.” मग जाता जाता, माझ्याकडे न बघता, “त्या आठांतला एक जरी खरा निघाला, मी मोजलेला, तरी पुन्हा जाऊन बघण्याजोगं आहे. मी संस्थेला तसं लिहीन.”

एक जरी. ते दोन शब्द घेऊन मी काकांसमोर बसले.

काकांची आठवण विलक्षण होती. शेऱ्याच्या रकान्यात मी काहीबाही लिहिलेलं असायचं: शेपटी तुटकी, डावा डोळा मिटलेला, झुडपात पडला. तेवढं वाचलं की ते सांगायचे. “हा बाईंचा. बाईंनी याले दोनदा हातातून सोडला.” “हा माहा. यानं मले चावलं.” अंगठ्यावरच्या पिल्लाची ओळ आली तेव्हा ते म्हणाले, “एकोणतीस,” आणि थांबून, “ट्वेंटी नाइन.” मी खोडून लिहिलं. बाईंच्या सहाही ओळी अशा सुटल्या. आठ खास ओळी मला आलेख न बघताही पाठ होत्या. दोन बरणीतल्या. चार काकांनी लगेच ओळखल्या. पहिली गेली, दुसरी गेली. प्रत्येक वेळी मी तोंडावर काही येऊ न देता आकडा दहानं कमी करत होते.

शेवटी दोन उरल्या. नवव्या दिवशीच्या, एकाखाली एक. त्या दिवशी वारा फार होता आणि बाई आणि काका दोघंही मोजत होते. शेऱ्याचा रकाना रिकामा.

काकांनी डोळे मिटून घेतले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पार्किंगमध्ये माझ्या वर्गातली मुलं निरोपाचे फोटो काढत होती. कुणीतरी कुणालातरी बंगलोरचा पत्ता ओरडून सांगत होतं.

“नाही आठवत,” काका म्हणाले. मग त्यांनी वही स्वतःकडे फिरवली, त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. बाई जाता जाता काय म्हणाल्या ते त्यांनीही ऐकलं होतं. आवाज खाली करून ते म्हणाले, “बाईंनीच मोजले म्हणू न ताई हे दोन. बाईंले तं आठवतच नाही. राहू द्या तुमची रेघ.”

त्यांनी हे किती साधेपणानं म्हटलं. सकाळी मी जे केलं त्याची परतफेड म्हणूनसुद्धा नव्हे. समोरच्याला ओझं झालंय तर एक टोक आपण धरावं, तसं. दोन ठिपके. दोन ठिपक्यांवर पुन्हा तो किनारा होता, आणखी पाच वर्षं सरडे होते. आणि कोण सांगू शकत होतं की ते खोटं आहे? कदाचित ते बाईंनीच मोजलेही असतील.

“तुम्हाला आठवतंय का, बाईंनी मोजलेले?” मी विचारलं.

“नाही जी.”

“मला पण नाही.”

मी पट्टी ठेवली आणि दोन्ही ओळी खोडल्या. पेन्सिलनं नाही, पेननं. काकांनी कॅलिपर उचलून तो सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पेटीत ठेवला.

परिषदेचा निबंध बाईंनी मागे घेतला. संस्थेतली जागा दुसऱ्या कुणाला गेली. माझा प्रबंध झाला. त्यात किनाऱ्याजवळचे आणि आतले सरडे यांच्यात काही फरक नाही, असं शेवटी लिहिलं आहे. परीक्षकांनी तो चाळून बाजूला ठेवला. कंपनीत मी गेले नाही. का, ते दोन वर्षं घरच्यांना सांगता आलं नाही. मग हे कॉलेज मिळालं.

त्या खोडलेल्या ओळी अजून वाचता येतात. रेघेखालून आकडे दिसतात. एका सरड्यावर चौदा माइट होते, दुसऱ्यावर अकरा. अकरा आणि चौदामध्ये माझी काही चूक होण्यासारखी नाही, तेवढं मला तेव्हाही येत होतं. त्या दोघांनी अंगावर काय वागवलं ते मला नेमकं माहीत आहे. ते स्वतः केवढे होते, ते मात्र आता कुणालाच माहीत नाही.